काळ्या पाषाणातली सीतेची न्हाणी

दोंडाईच्यातल्या शाळेत मी भूगोल शिकवतो. आंध्रातल्या बोरा गुहांचा विषय निघाला की मुलं हमखास विचारतात, "सर, अशी गुहा आपल्याकडे का नाही?" उत्तर पायाखालच्या खडकात आहे. पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्यात चुनखडक विरघळतो. भेगा रुंदावत गुहा होते आणि ठिबकत्या पाण्यातला चुना साचून छताला झुंबरं लटकतात. आपला खानदेश मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या बेसाल्टवर वसलाय. तो असा विरघळत नाही. म्हणून इथली लेणी माणसानं छिन्नी-हातोड्यानं कोरली.

तीच दाखवायला मी मुलांना चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला नेतो. कन्हेरगडाच्या कुशीत नागार्जुन कोठडी आहे. आत तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, म्हणजे हे जैन लेणं. जवळचं अर्धवट राहिलेलं लेणं 'सीतेची न्हाणी' म्हणून ओळखतात. वनवासात सीतामाई इथं न्हायली, असं लोक सांगतात. बोरा गुहांची कथा निराळी: छताच्या भोकातून गाय आत पडली आणि तिला शोधत गेलेल्या गुराख्याला शिवलिंग दिसलं.

याच पाटणादेवीला १२०७ चा शिलालेख आहे. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाची त्यात नोंद आहे. एकाच डोंगराच्या आसऱ्याला जैन मुनी, गणिती आणि सीतामाई!

मुलांना मी एवढंच सांगतो: भिंतीवर नाव कोरू नका. सीतेची गोष्ट आजीकडून ऐका आणि खडक स्वतः निरखून पाहा. दोन्ही आपलंच धन आहे.