मराठी ख्रिस्ती श्रद्धेची परिभाषा : एक विचार

धर्मश्रद्धेविषयी विचारी मनुष्याला पडणारे प्रश्न बहुधा सिद्धान्ताच्या स्वरूपात मांडले जातात. ख्रिस्त देव की मानव, बाप्तिस्म्यावाचून मुक्ती आहे की नाही, असे ते प्रश्न असतात. परंतु एखादा धर्म परभाषेतून आलेला असला म्हणजे त्यांच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो : ही श्रद्धा कोणत्या शब्दांत बोलावयाची? वरवर पाहता हा प्रश्न भाषांतरकाराचा वाटतो. मात्र मराठी ख्रिस्ती वाङ्मयात चर्चच्या अधिकाराविषयी जो मूलगामी विचार झाला, तो पुष्कळ अंशी या शब्दनिवडीतूनच झाला आहे. प्रस्तुत लेखात त्याची दोन उदाहरणे तपासावयाची आहेत.

परक्या संकल्पनेस भाषेत स्थान देण्याचे ढोबळ मानाने तीन मार्ग असतात. मूळ शब्द तसाच उसना घ्यावा. भाषेतील जुन्या धार्मिक शब्दास नवा अर्थ द्यावा. किंवा नित्य व्यवहारातील साध्या शब्दावर काम भागवावे. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ साली प्रथम छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त पहिले दोन मार्ग शेजारी शेजारी दिसतात. तेथे स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःशंकपणे येतो. चर्चच्या विधींची नावे मात्र पोर्तुगीज वळणाचीच राहतात. म्हणजे कल्पना देशी होऊ शकते, संस्था मात्र परकीच राहते, असा हा अबोल निर्णय होय.

या निर्णयाला पहिला स्पष्ट प्रश्न पंडिता रमाबाईंनी विचारला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील अँग्लिकन मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे देवत्व आणि धर्मगुरूंचा अधिकार यांविषयीच्या शंका त्यांत आहेत. त्याचबरोबर क्रॉसवरील लेख लॅटिनमध्ये का, संस्कृतमध्ये का नको, असाही वाद आहे. हा वाद किरकोळ नव्हे. लॅटिन ही येशूची मातृभाषा नव्हती. तेव्हा तिला मिळालेले पावित्र्य इतिहासातून आलेले आहे, श्रद्धेतून नव्हे, हे रमाबाईंनी नेमके हेरले होते.

पुढे याच रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यांचे निधन १९२२ मध्ये झाले व संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून निघाला. या भाषांतरात त्यांनी संस्कृतप्रचुर, हिंदू तत्त्वज्ञानाचे संस्कार असलेली परिभाषा टाळून साधी मराठी पत्करली. संस्कृतचा कैवार घेणाऱ्या रमाबाई संस्कृतपासून दूर गेल्या, यात विसंगती वाटेल. पण दोन्ही वेळी त्यांची कसोटी एकच दिसते : कोणत्याही भाषेचा दरारा वाचक आणि वचन यांच्यामध्ये येऊ नये.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी नेमका उलट मार्ग धरला. १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्तभक्तीसाठी अभंग निवडला, आणि तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना स्थान होते. मराठी बायबलात चर्चसाठी ‘मंडळी’ हा शब्द रूढ आहे. मंडळीचा मनुष्य सभासद असतो. दरबारात मात्र गाऱ्हाणे घेऊन कोणीही उभा राहू शकतो. ‘दरबार’ या शब्दात सभासदत्वाची अट गळून पडते, आणि हाच टिळकांचा खरा प्रश्न होता. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि तो अनुत्तरित राहिला.

हा प्रयोग आपल्या भागाला परका नाही. तासगाव तालुका त्या काळी सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. शेजारच्या मिरजेस डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले. लोक आजही त्यास ‘मिशन हॉस्पिटल’ म्हणतात. या भागातील बोलण्यात ‘मिशन’ हा उसना शब्द उपदेशापेक्षा शुश्रूषेशी अधिक निगडित झाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. शब्दाचा अर्थ शेवटी परिभाषाकार ठरवीत नाही, व्यवहार ठरवितो.

टिळकांच्या मार्गावर एक गंभीर आक्षेप येतो. अहमदनगर भागातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे महार व मांग समाजांतून आलेली होती. चोखोबांना मंदिराबाहेर ठेवणाऱ्या परंपरेची भाषा त्यांना ‘आपली’ वाटावी का? याला सरळ उत्तर नाही. बाहेर ठेवलेल्या चोखोबांनीही अभंगच रचले. पण ज्याने अपमानाची जागा सोडली, त्याला तिथला शब्दही सोडावासा वाटणे स्वाभाविक आहे. अशा मनुष्यास उसना शब्द परका न वाटता मोकळा वाटू शकतो. देशीकरण म्हणजे मुक्ती, हे समीकरण म्हणूनच तपासून घ्यावे लागते.

असे प्रश्न अन्यत्रही निर्माण झाले. बंगालमध्ये ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी त्रैक्याचा अर्थ सच्चिदानंद या संकल्पनेतून लावला. रोमन कॅथलिक चर्चने उपासनेत लोकभाषांना वाव देण्याचा निर्णय १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत घेतला. रमाबाईंची शंका त्याआधी ऐंशी वर्षांची आहे.

रमाबाई आणि टिळक यांची उत्तरे परस्परविरोधी असली तरी दोघांनीही श्रद्धा सोडली नाही आणि प्रश्नही सोडला नाही. शंका ही श्रद्धेची उणीव मानणाऱ्यांना आणि श्रद्धा ही विचाराची उणीव मानणाऱ्यांना त्यांची उदाहरणे सारखीच अडचणीची आहेत. मराठी ख्रिस्ती शब्दसंग्रहाचा अभ्यास करणाराने शब्दाची व्युत्पत्ती देऊन थांबू नये. तो शब्द कोणी, कोणासाठी आणि कोणता शब्द बाजूस सारून निवडला, हे विचारल्यावाचून त्या शब्दाचा अर्थ पुरता लागत नाही.