नावातला नुक्ता आणि कीबोर्डची खोड

शाळेच्या दाखल्यावर ‘जीनत’, आधारकार्डावर ‘झीनत’ आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘ज़ीनत’. आपल्या डोळ्यांना मुलगी एकच दिसते, संगणकाला मात्र ही तीन वेगळी नावे वाटतात. किन्हीराजासारख्या गावात अर्ज परत आला की अब्बूंची एक दिवसाची मजुरी बुडते, तालुक्याला जायचे भाडे वेगळेच. म्हणून टायपिंगच्या काही अडचणी घरातल्या मुला-मुलींनाच सोडवता आल्या पाहिजेत.

सगळ्यात जास्त छळते ती पहिली वेलांटी. ‘शिरीन’ लिहायला गेलो की पोकळ ठिपक्यांचे एक वर्तुळ उमटते आणि वेलांटी त्याला चिकटते. कीबोर्ड बिघडलेला नसतो. जुन्या टाइपरायटरच्या सवयीने आपण वेलांटी आधी दाबतो. इनस्क्रिप्टमध्ये जसे बोलतो तसेच टाइप करायचे: आधी ‘श’, मग वेलांटी. रफारही तसाच. ‘अर्ज’साठी अ, र, हलन्त, ज. हलन्त इंग्रजी ‘डी’च्या बटणावर आहे. ‘बुऱ्हाण’मधला ‘ऱ्ह’ अनेकांना सापडत नाही. त्यासाठी शिफ्ट धरून ‘जे’, मग ‘डी’, मग ‘ह’.

नुक्ता आपल्या उर्दू कानांना हवासा वाटतो, हे खरे. पण मराठी लेखनात तो सहसा नसतो. माझे मत विचाराल तर अर्जात दाखल्यावरचे नाव जसेच्या तसे लिहावे, उच्चाराची हौस वहीत भागवावी.

दुकानातून टाइप करून आणलेला मजकूर घरी उघडला आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला, तर तो कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला असणार. त्यात आत इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात, वर फक्त देवनागरीचे रूप असते. दुकानदाराला युनिकोडमध्येच टाइप करायला सांगा.

भाषा बदलायला विंडोजचे बटण धरून स्पेस दाबा. उजवा शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिला, तर ‘फिल्टर कीज’ सुरू होऊन बटणे दाबूनही अक्षरे उमटेनाशी होतात. सेटिंगमध्ये ते बंद करा. लहान लॅपटॉपवर अक्षरांऐवजी आकडे आले, तर नमलॉक पाहा.

उर्दूत एक फसगत वेगळी आहे. अनेक जण अरबी कीबोर्ड लावतात. त्यात पे, टे, डाल, बडी ये मिळत नाहीत. शिवाय अरबीचे ‘काफ’ आणि ‘ये’ दिसायला जवळपास उर्दूसारखेच, पण आतला संकेत वेगळा. त्यामुळे लिहिलेले नाव शोधताना सापडत नाही. सेटिंगमध्ये जाऊन उर्दूचाच कीबोर्ड जोडा. ओळ डावीकडून सुरू होत असेल, तर कंट्रोल धरून उजवा शिफ्ट दाबा, ती उजवीकडे जाते.