लसीत जिवंत जंतू असतात का? मग बाळाला ताप का येतो?

हदगावकडच्या एखाद्या गावात लसीकरणाचा दिवस असला, की हा प्रश्न हमखास येतो: "ताई, लस म्हणजे रोगाचेच जंतू ना? मागच्या वेळी ताप आला तो त्यानंच ना?" प्रश्न रास्त आहे. पण या शंकेपायी पुढचा डोस चुकतो, आणि एका डोसात संरक्षण पुरं होत नाही.

बाळाला 6, 10 आणि 14 आठवड्यांना देतात ती पेंटाव्हॅलंट लस पाच आजारांवरची. त्यातल्या चार भागांसाठी खरोखरच बॅक्टेरिया वाढवावे लागतात. पाचवा, कावीळ 'ब'चा भाग यीस्टमध्ये बनतो.

धनुर्वाताचं बघा. याचे जंतू मातीत, शेणात असतात, पण ऑक्सिजन असला की वाढत नाहीत. म्हणून कारखान्यात ते बंद टाकीत, ऑक्सिजन न लागू देता वाढवतात. हवं असतं ते त्यांनी सोडलेलं विष. जंतू गाळून टाकतात आणि विषात फॉर्मॅलिन घालून ते काही आठवडे उबेत ठेवतात. त्याचा मारकपणा जातो, रूप मात्र ओळखता येईल इतपत तसंच राहतं. याला टॉक्सॉइड म्हणतात. घटसर्पाचंही जवळपास असंच.

हिब जंतूवर साखरेचं आवरण असतं, आणि तान्ह्या बाळाचं शरीर नुसत्या साखरेला दाद देत नाही. मग ती साखर एखाद्या प्रथिनाला जोडतात. बऱ्याचदा ते प्रथिन म्हणजे धनुर्वाताचंच टॉक्सॉइड!

आता ताप. सरकारी लसीत डांग्या खोकल्याचा अख्खा जंतू असतो, पण मेलेला. तो वाढू शकत नाही, रोग देऊ शकत नाही. शरीर मात्र त्याला बघून खडबडून जागं होतं, म्हणून एक-दोन दिवस ताप येतो, मांडी सुजते. औषध नर्सताई सांगतील तेवढंच द्या. ताप फार चढला किंवा उतरेना, तर दवाखाना गाठा. खासगीतल्या 'पेनलेस' लसीत जंतूचे निवडक तुकडेच असतात. ताप कमी येतो, पण पैसे जास्त पडतात आणि डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण लवकर ओसरतं.

मेलेल्या जंतूंची ही युक्ती आपल्याकडे जुनीच. मुंबईत प्लेग पसरला तेव्हा हाफकिन यांनी मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब तरंगवून त्याखाली प्लेगचे जंतू वाढवले आणि उष्णतेनं मारले. 10 जानेवारी 1897 रोजी ती लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांनाही ताप आला होता.

जिवंत जंतू देतात तो बीसीजीत. गाईच्या क्षयाचा जंतू 13 वर्षं प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केलेला. तुमच्या डाव्या दंडावरची ती छोटी खूण बहुतेक त्याचीच.