बेने इस्राएलांचा गृहधर्म : शनिवार, सण आणि मलिदा

रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या टापूत शतकानुशतके नांदत आलेल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाची मातृभाषा मराठी होय. केहीमकर, पेणकर, नवगावकर, दिवेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे कोकणातील गावांवरूनच पडलेली आहेत. या समाजाविषयीचे बहुतेक लेखन ‘हे लोक कोठून आले आणि केव्हा आले’ या प्रश्नाभोवती फिरत राहिले आहे. तो प्रश्न महत्त्वाचा खराच. तथापि धर्मेतिहासाच्या दृष्टीने त्याहून अधिक उद्बोधक असा दुसरा एक प्रश्न आहे. धर्मग्रंथ जवळ नाही, धर्मशास्त्री नाही, सामुदायिक उपासनेचे मंदिर नाही, आणि अन्य यहुदी समाजांशी नित्य संबंधही नाही, अशा स्थितीत हा समाज यहुदी राहिला तो कशाच्या बळावर? या प्रश्नाचे उत्तर पोथीत सापडत नाही. ते घरात, चुलीपाशी आणि आठवड्याच्या वारांत शोधावे लागते.

१. परंपरा आणि लिखित उल्लेख

समाजाची परंपरागत कथा अशी की, अँटायोकस एपिफेनीस या ग्रीकवंशीय राजाच्या छळाला कंटाळून, म्हणजे इ. स. पू. १७५ च्या सुमारास, काही यहुदी कुटुंबे गालील प्रांतातून निघाली; त्यांचे गलबत अलिबागजवळच्या नवगाव येथे खडकावर आपटून फुटले; सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि त्यांच्यापासून पुढचा वंश वाढला. गलबताबरोबर ग्रंथही बुडाले, असे ही कथा सांगते. तिला समकालीन पुरावा नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकशास्त्रीय अभ्यासाने मात्र या समाजात मध्यपूर्वेतील यहुदी व भारतीय अशा दोन्ही वंशधारा मिसळल्या असल्याचे दाखविले आहे.

लिखित उल्लेख पुष्कळ उशिराचे आहेत. इ. स. १२०० च्या सुमारास थोर यहुदी पंडित मायमोनिडीस याने एका पत्रात भारतातील यहुद्यांना शब्बाथ आणि सुंता यांपलीकडे धर्माची माहिती नाही, अशा आशयाचा उल्लेख केला. पण तो नेमका याच समाजाविषयी होता असे निश्चयाने म्हणता येत नाही. १७३८ मध्ये सार्टोरियस या मिशनऱ्याने केलेला उल्लेख अधिक स्पष्ट आहे. हे लोक स्वतःला बेने इस्राएल म्हणवितात, त्यांच्यापाशी बायबल नाही, आणि प्रार्थनेपैकी ‘शमा’ तेवढी त्यांना येते, असे त्याने नमूद केले. शमा म्हणजे परमेश्वराच्या एकत्वाची घोषणा करणारे हिब्रू वचन. जन्म, सुंता, विवाह, मृत्यू अशा सर्व प्रसंगी हे एकच वचन म्हटले जाई. त्या काळी या समाजाची हिब्रू विद्या जवळजवळ एवढीच होती. आचार मात्र याहून पुष्कळ अधिक टिकला होता.

२. शनिवारचा घाणा

कोकणात या समाजाचा मुख्य धंदा तेल गाळण्याचा होता. शुक्रवारी सूर्यास्त झाला की घाणा थांबे तो शनिवारी सायंकाळपर्यंत फिरत नसे. चूल पेटवीत नसत. आदल्या दिवशी शिजवून ठेवलेले अन्न शनिवारी खात. यावरून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. शंकराचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते ‘सोमवार तेली’.

या नावात मोठा अर्थ साठविला आहे. गावाने या लोकांना त्यांच्या श्रद्धेवरून वा वंशावरून ओळखले नाही, तर कामाला कोणत्या वारी सुट्टी असते यावरून ओळखले. शब्बाथ पाळण्यामागचा शास्त्रार्थ, म्हणजे सृष्टी निर्माण करून परमेश्वराने सातव्या दिवशी विसावा घेतला, हा भाग किती जणांना सांगता आला असता हे बाजूला ठेवले, तरी दर सातव्या दिवशी थांबलेला घाणा साऱ्या गावाला दिसत होता. आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीने ही गोष्ट परकी नव्हती. प्रत्येक जातीला आपापला वार, आपापले वर्ज्यावर्ज्य असते, याच चौकटीत तिला सहज जागा मिळाली. भारतात या समाजाला यहुदी म्हणून छळ सोसावा लागला नाही, त्याचे एक कारण येथे दिसते.

३. स्वयंपाकघरातील नियम

आहारनियमांची कथा अशीच आहे. खवले व पर असलेले मासेच खावयाचे, मांस मिठात घालून त्यातील रक्त काढून टाकावयाचे, आणि मांसाबरोबर दूध वा दुधाचे पदार्थ घ्यावयाचे नाहीत, हे नियम स्त्रियांनी घराघरांत सांभाळले. यांतील तिसऱ्या नियमाला कोकणाने मोलाची मदत केली. जेथे इतर लोक दही-दूध वापरतील तेथे नारळाचा रस वापरला की नियमही पाळला जातो आणि चवही बिघडत नाही. मांसाचे कालवण नारळाच्या रसात होते; वर्षारंभाच्या सणाला गव्हाचा चीक काढून केला जाणारा हलवाही नारळाच्याच रसात शिजतो, म्हणून तो मांसाहारानंतरही खाता येतो. शब्बाथच्या पवित्रीकरणासाठी द्राक्षासव लागते. ते कोकणात मिळणार कोठून? तेव्हा मनुका पाण्यात भिजवून, कुसकरून, गाळून केलेले सरबत त्याच्या जागी आले, आणि अद्यापही ते प्रचारात आहे.

येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, बदलले ते साहित्य. नियम बदलला नाही. किंबहुना साहित्य बदलता आले म्हणूनच नियम टिकला. याच्या जोडीला शेजाऱ्यांच्या रीतीही उचलल्या गेल्या. गोमांस वर्ज्य मानणे, विधवाविवाह न करणे, विवाहात मेंदी व मंगळसूत्र असणे, या गोष्टी यहुदी धर्मशास्त्रातील नव्हेत. त्या सहवासातून आल्या.

४. सणांची नावे

हायम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये पूर्ण केलेला आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला समाजाचा इतिहास हे या विषयाचे प्रमुख साधन होय. त्यात नोंदविलेली सणांची जुनी मराठी नावे अभ्यासकाने बारकाईने पाहावीत अशी आहेत. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’. त्यानंतर तीन दिवसांनी ‘खिरीचा सण’; त्या दिवशी नारळाच्या रसातील खीर करून, धूप जाळून शमा म्हणत. दहाव्या दिवसाचे प्रायश्चित्ताचे कडकडीत उपोषण म्हणजे ‘दारफळणीचा सण’: त्या दिवशी दारे लावून घेऊन, शुभ्र वस्त्रे नेसून लोक घरातच राहत व परक्याचा संपर्क टाळीत. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. तो दानधर्माचा व एकमेकांकडे जाण्यायेण्याचा. वल्हांडणाला ‘अणशी ढाकाचा सण’ म्हणत, म्हणजे आंबट रसाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनाचे नाव ‘बिरड्याचा सण’, कारण त्या दिवशी बिरडे खात. पुरीमच्या सणाला ‘होळीचा सण’ हे नाव पडले होते.

या नावांत मिसर देशातून झालेली सुटका नाही, मोशे नाही, यरुशलेम नाही. आहे ती खीर, बिरडे, झाकलेले भांडे, लावलेले दार. कारण विस्मृतीत गेले, कृती मात्र राहिली. वल्हांडणात आंबविलेला पदार्थ घरात ठेवू नये हा मूळ नियम. त्याची कथा हरवल्यावरही आंबट भांड्यावरचे झाकण वर्षाच्या त्याच दिवसांत पडत राहिले. धर्माचे अर्थ सांगणारे कोणी उरले नसता केवळ आचार इतक्या चिवटपणे तिथीला धरून राहावा, हे उदाहरण धर्माच्या अभ्यासात विरळा आहे.

जुन्या यादीत हनुक्का हा सण नाही. तो इ. स. पू. १६४ मधील मंदिरशुद्धीच्या स्मरणार्थ आहे. त्याअर्थी पूर्वज त्याआधीच मायदेशातून निघाले असावेत, असे अनुमान केहीमकरांप्रमाणे अनेकांनी काढले. हे अनुमान आकर्षक असले तरी निर्णायक नव्हे. हनुक्का मोशेच्या ग्रंथांत सांगितलेला सण नाही, त्याला कामबंदीही नाही; असा सण एकाकी समाजात सहज मागे पडू शकतो. अभावावरून काल ठरविणे धोक्याचे असते, हे येथे विसरून चालणार नाही.

रोजा, उरूस, धर्मकृत्ये चालविणारा ‘काजी’, सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणणे, ही शब्दसंपत्ती मुसलमान शेजाऱ्यांकडून आली. शब्द उसने, आचार आपला, असाच हा व्यवहार आहे.

५. मलिदा

या तिन्ही धारा एकत्र दिसतात त्या मलिद्याच्या विधीत. नवस फेडताना, विवाहापूर्वी, नव्या घरात जाताना, संकटातून सुटल्यावर संदेष्टा एलिया (समाजाच्या बोलीत एलियाहू हन्नबी) याच्या स्मरणार्थ हा विधी होतो. भिजविलेले पोहे, साखर किंवा गूळ, खोवलेला नारळ, वेलची व सुकामेवा कालवून ताटात रास करतात. भोवती फळे मांडतात, आणि सुगंधासाठी सब्जाची डहाळी ठेवतात. हिब्रू स्तोत्रे व वचने म्हटल्यानंतर सुगंध, झाडाचे फळ, जमिनीतील पीक अशा एकेका प्रकारासाठी यहुदी शास्त्रात सांगितलेला वेगवेगळा आशीर्वाद म्हणून तो तो पदार्थ सर्वांना वाटतात. एलियाचा रथ जेथे टेकला असे मानतात, तो अलिबागजवळच्या खंडाळे येथील खडक आजही यात्रेचे स्थान आहे. तेव्हा नाव फारसी, साहित्य कोकणी आणि मंत्र हिब्रू अशी ही रचना आहे. ‘मिश्र’ म्हणून तिला कमी लेखणे चुकीचे ठरेल. एलियाचे आवाहन जगभरचे यहुदी करतात, येथे ते पोह्यांच्या ताटाभोवती होते एवढेच.

६. विद्येचे पुनरागमन

ग्रंथविद्या या समाजाकडे टप्प्याटप्प्याने परतली. परंपरा तिचा आरंभ दाविद रहाबी या नावाशी जोडते: त्याने स्त्रियांना मासे निवडावयास सांगितले, त्यांनी खवले-पर नसलेले मासे वेगळे काढले, तेव्हा हे यहुदीच होत अशी त्याची खात्री पटली. ही परीक्षा ग्रंथाची नव्हती, स्वयंपाकाची होती, हे लक्षणीय आहे. पुढे १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर या लष्करी अधिकाऱ्याने मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. कोचीनचे यहुदी शिक्षक येऊ लागले. १८३२ मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्याने मराठीत हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. हेतू धर्मप्रसाराचा होता, परिणाम मात्र समाजाचे आपल्या धर्माशी नाते दृढ होण्यात झाला. वल्हांडणाची पोथी मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत छापली गेली. पुण्यात १८७४ मध्ये निघालेल्या अशाच पोथीतील चित्रांत लुगडे नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दिसतात. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले, आणि शतकाच्या अखेरच्या दशकांत जुन्या करारातील आख्यानांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली. ज्या आचारांची कारणे हरवली होती, ती आता मराठीतूनच पुन्हा कळू लागली.

७. १९६४ चा निर्णय

गृहधर्म हा यहुदित्वाचा पुरेसा पुरावा आहे काय, हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा राहिला नाही. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे टप्प्याटप्प्याने इस्राएलमध्ये गेली. तेथे १९६२ मध्ये प्रमुख धर्मपीठाने असा आदेश काढला की, बेने इस्राएल व्यक्तीचा अन्य यहुद्याशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची चौकशी करावी. शास्त्रोक्त घटस्फोटाचे नियम या समाजाला ठाऊक नव्हते, तेव्हा वंशशुद्धीविषयी शंका राहते, अशी ती भूमिका होती. ज्यांनी परदेशांत शतके काढून शनिवार सोडला नाही, त्यांना स्वधर्मीयांच्या राज्यात विवाहासाठी चौकशीला उभे राहावे लागले. १९६४ मध्ये यरुशलेम येथे या समाजाने धरणे धरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचे घोषित केले, आणि धर्मपीठाने आदेशातून समाजाचा नामनिर्देश वगळला.

दोन्ही बाजू न्याय्य दृष्टीने पाहिल्यास वादाचे मूळ स्पष्ट होते. धर्मपीठ शास्त्राच्या लिखित परंपरेवरून बोलत होते. बेने इस्राएल जगलेल्या परंपरेवरून बोलत होते. शास्त्र म्हणजे धर्माची स्मृती खरी. परंतु ती स्मृती हरपली असतानाही दार वेळेवर लावणारे, भांडे वेळेवर झाकणारे हात असतील, तर धर्म हरपला असे म्हणता येत नाही.

८. उपसंहार

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. भारतात आता बेने इस्राएल काही हजारच उरले आहेत, आणि कोकणातील कित्येक सिनेगॉगांत प्रार्थनेसाठी आवश्यक असलेले दहा पुरुष जमणे कठीण होते. इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबांत मलिदा आणि मेंदी टिकून आहेत. पण दैनंदिन व्यवहाराची भाषा हिब्रू झाल्यामुळे जुनी सणनावे मात्र मागे पडत आहेत. ज्ञानाचा प्रवास अशा रीतीने उलट दिशेने चालू आहे: एके काळी कृती राहिली व अर्थ गेला, आता अर्थ ग्रंथांत सुरक्षित आहे आणि कृतीची मराठी नावे जाऊ पाहत आहेत. इमारती व शिलालेख यांच्या जतनाबरोबरच सणांची नावे, पाककृती, स्त्रियांची मराठी गाणी आणि विधींतील बोलीचे शब्द यांची पद्धतशीर नोंद होणे, हे मराठी भाषेच्या व धर्मेतिहासाच्या अभ्यासकांचे निकडीचे काम आहे. ज्यांना हे शब्द आईच्या व आजीच्या तोंडून मिळाले, ती पिढी आज वृद्ध झाली आहे.