गाडी वाळूत का रुतते, आणि मुळात ती तिथे नेलीच कशाला?

(या आठवड्याच्या एपिसोडचा हा लेखी मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत, बाकी बरंचसं जसंच्या तसं ठेवलंय.)

००:०० सुरुवात



तो व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. कोकणातला कुठलातरी किनारा, बोनेटपर्यंत पाण्यात गेलेली एसयूव्ही, बाजूला डोक्याला हात लावून उभी असलेली पोरं आणि खाली कमेंट्स: ‘हौस फिटली का?’ मीही अशा व्हिडिओंवर हसलोय. आज हसत नाहीये, कारण फेब्रुवारीत डोक्याला हात लावून उभा असलेला पोरगा मी होतो.

म्हणून आज तीन प्रश्न. गाडी वाळूत का रुतते? पाणी इतक्या लवकर कसं येतं? आणि किनारा सगळ्यांचा असेल, तर तिथे गाडी न्यायला हरकत काय?

०१:४० झालं काय

आम्ही ऑफिसमधले आठ जण, दोन गाड्या. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, मंडणगड करत दापोली तालुक्यातल्या एका गावात पोचलो. गावाचं नाव सांगत नाही. चूक आमची होती, उगाच गावाचं नाव कशाला?

साडेपाचला आम्ही सुरूच्या बनाशी होतो. तिथून वाळूत उतरायला एक वाट आहे, मच्छीमारांचे टेम्पो जातात ती. समोर ओली, सपाट, चकचकीत वाळू. ओंकार म्हणाला, “चल ना, फोर बाय फोर आहे. एक रील काढू आणि वर येऊ.” दोघंतिघं नको म्हणाले. मग कोणीतरी म्हणालं, “अरे, सायलीला चालायला त्रास होतो, गाडी पाण्यापर्यंत नेली तर तिलाही बरं पडेल.” हे म्हणणारा कोणीतरी म्हणजे मीच. सायलीच्या पायात अपघातानंतर रॉड आहे, ती काठी घेऊन चालते. माझ्या वाक्यावर विषय संपला. असल्या कारणाला नाही कोण म्हणणार?

पहिली दोनशे मीटर गाडी मस्त पळाली. मग ओंकारने पाण्याच्या कडेने वळण घेतलं आणि पुढचं डावं चाक खाली गेलं. त्याने ॲक्सिलरेटर दाबला. मग मागचं गेलं. दहा मिनिटांत गाडी पोटावर टेकली होती.

०३:३० वाळूचं गणित

आता थोडं इंजिनिअरिंग. माझी बीटेक कुठेतरी वापरू द्या.

कोरडी वाळू म्हणजे सुटे दाणे. दाब दिला की ते बाजूला सरकतात, म्हणून पाय रुततो. थोडी ओली वाळू मात्र घट्ट असते. दोन दाण्यांच्या मध्ये पाण्याचा बारीकसा पूल तयार होतो आणि पृष्ठताणामुळे दाणे एकमेकांना धरून ठेवतात. लहानपणी किल्ला बांधायला आपण नेमकी हीच वाळू शोधायचो. आमची पहिली दोनशे मीटर याच पट्ट्यावरून गेली.

पण पाणी आणखी वाढलं की दाण्यांमधली सगळी जागा पाण्याने भरते. पूल संपतात, धरून ठेवणारा ताण संपतो. वर लाट आली की आतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि दाणे जवळजवळ तरंगायला लागतात. वरून ही वाळू तितकीच सपाट आणि चकचकीत दिसते. फसगत होते ती इथे.

त्यात गाडीचा दाब. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा म्हणजे जमिनीवर साधारण दर चौरस सेंटीमीटरला सव्वादोन किलो. चालताना आपल्या तळव्याखाली हा आकडा अर्ध्या किलोच्या आत-बाहेर असतो. म्हणजे जिथे आपण आरामात चालतो, तिथे गाडी चार-पाच पट जास्त दाब देत असते. “मी चालून बघितलं, घट्ट आहे” या टेस्टला काही अर्थ नाही.

आणि फोर बाय फोर? ताकद चारही चाकांना मिळते, पण वाळूने पकड दिली तरच त्या ताकदीचा उपयोग. पकड नसेल तर चार चाकं मिळून चार खड्डे खणतात. वाळूत गाडी चालवणारे अनुभवी लोक टायरमधली हवा कमी करतात ते याच कारणाने. टायर पसरतो, दाब विभागला जातो. रुतल्यावर ॲक्सिलरेटर दाबणं म्हणजे फावडं मारणं.

०६:०० पाणी इतक्या लवकर कसं आलं?

आम्हाला वाटलं होतं, भरती रात्री नऊला आहे, अजून साडेतीन तास आहेत. इथे आम्ही दुसरी माती खाल्ली.

कोकणातल्या कोळ्यांचा जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. आमच्या दिवशी द्वादशी होती. बारा गुणिले पाऊण म्हणजे नऊ, भरती नऊच्या सुमारास. चंद्रामुळे भरती रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा येते, त्यातून हा नियम निघालाय. गाव बदललं की थोडा फरक पडतो, पण नेटवर्क नसताना कालनिर्णयावर चालणारं हे ॲप आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास कमी, तो भांग.

पण नऊला भरती याचा अर्थ नऊला पाणी येतं असा नाही. तेव्हा ते सगळ्यात वर असतं, चढायला त्याआधी सहा तास सुरुवात झालेली असते. शिवाय ते एकाच वेगाने चढत नाही. ढोबळ नियम असा: एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं पाणी चढतं. तीनला ओहोटी संपली असेल तर ते दोन तास पाच ते सात. आम्ही बरोबर साडेपाचला उतरलो.

आता किनाऱ्याचा उतार. समजा एकूण चढ दोन मीटर आहे. मग त्या वेगाच्या तासात पाणी अर्धा मीटर उंच होतं. उतार पन्नासास एक असेल तर तेच पाणी आडवं पंचवीस मीटर आत येतं. आम्ही पाण्यापासून वीस मीटरवर होतो.

सव्वासहाला चाकांना पाणी लागलं. साडेसहाला गावातले एक काका ट्रॅक्टर घेऊन आले. त्यांना बोलावलं नव्हतं, त्यांनी घरून दिवे पाहिले होते. साखळी लावता लावता म्हणाले, “वाळूला काय कळतंय गाडी केवढ्याची ती?” तीन झटक्यांत गाडी निघाली. पैसे विचारले तर म्हणाले, “डिझेलचे द्या. आणि ते दिवे आधी बंद करा.”

दिवे कशाला बंद करायचे, ते आम्हाला सकाळी कळलं.

०९:१० दिव्यांचं कारण

सकाळी काका आम्हाला परत तिथेच घेऊन गेले. आमच्या चाकोऱ्या भरतीने खालून पुसल्या होत्या, पण वरच्या कोरड्या वाळूत तशाच होत्या. त्यांच्यापासून पन्नासेक पावलांवर जाळीचं कुंपण होतं, आत कासवाची घरटी.

ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यापासून कोकणात अंडी घालायला येतात. मादी रात्री वर येते, कोरड्या वाळूत साधारण दीड फूट खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं निघतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासमध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये संवर्धन सुरू केलं, आणि पुढे कोकणातली बरीच गावं त्यात आली. पहाटे किनारा चालून घरटी शोधणाऱ्यांना कासवमित्र म्हणतात. आमचे ट्रॅक्टरवाले काका त्यांच्यातलेच एक.

सगळी घरटी त्यांना वेळेत सापडतातच असं नाही. न सापडलेल्या घरट्यावरून चाक गेलं तर वाळू दाबली जाते आणि पिल्लांना वर येता येत नाही. आलीच, तर पिल्लू असतं चार-पाच सेंटीमीटरचं आणि चाकोरी वीतभर खोल. आपल्यासाठी ती खूण असते, त्याच्यासाठी खंदक. ते त्यातच धावत राहतं, थकतं आणि कावळ्यांना सापडतं. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात. नैसर्गिक उजेड समुद्राकडे असतो, हेडलाइट मात्र कुठेही असू शकतो. मादीसुद्धा उजेड आणि वर्दळ पाहून अंडी न घालताच परत फिरते.

२०२३ मध्ये गुहागरला उपग्रह टॅग लावलेली बागेश्री नावाची मादी कन्याकुमारीला वळसा घालून श्रीलंकेच्या बाजूला आणि पुढे बंगालच्या उपसागरात गेली होती. एवढा समुद्र पार करणारं जनावर, आणि त्याच्या जन्माची जागा म्हणजे आपण रील काढतो तो पट्टा.

अजून एक. कोरड्या वाळूवर पसरलेली जांभळ्या फुलांची वेल पाहिलीये? तिचं नाव मर्यादवेल. ती आणि रावणाच्या मिशा नावाचं ते टोकदार गवत वाळू धरून ठेवतात. त्यातून वाळूचे उंचवटे तयार होतात, आणि उधाणाच्या वेळी मागच्या वाड्यांना पहिला आडोसा त्यांचाच. गाडी वेलीवरून चार वेळा गेली की तिथे टक्कल पडतं.

१२:०० पण किनारा तर सगळ्यांचा आहे ना?

ओंकारचा हाच मुद्दा होता. “पब्लिक बीच आहे, कोणाच्या बापाचा नाही.” बरोबर आहे. १९९६ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने कमलनाथ प्रकरणात सांगितलं की समुद्रकिनारा, वाहतं पाणी, हवा, जंगल या गोष्टींचं सरकार मालक नाही, विश्वस्त आहे, आणि लाभ सगळ्या जनतेचा.

पण या मुद्द्याचे परिणाम ओंकारला आवडले नाहीत. एक: मोटार वाहन कायद्यात जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे ती प्रत्येक जागा ‘सार्वजनिक ठिकाण’ ठरते. म्हणजे लायसन्स, इन्शुरन्स, बेदरकार ड्रायव्हिंगचा गुन्हा, सगळं वाळूवरही लागू. दोन: सीआरझेडच्या २०१९ च्या अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा आणि वाळूचे उंचवटे सगळ्यात कडक गटात आहेत. सीआरझेडचा भर मुख्यतः बांधकाम आणि भराव यांवर आहे, त्यामुळे ‘गाडी नेऊ का’ याचं उत्तर बहुतेकदा स्थानिक आदेशात मिळतं. गोव्याच्या पर्यटन खात्याने २०२२ मध्ये किनाऱ्यावर गाडी चालवायला बंदी केली, दंड ५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत.

सगळीकडे बंदीच आहे असंही नाही. केरळात कन्नूरजवळच्या मुझप्पिलंगाडला चारेक किलोमीटर किनाऱ्यावर अधिकृतपणे गाडी चालवता येते. तिथली वाळू बारीक आणि घट्ट आहे, आणि काळे खडक लाटांचा जोर अडवतात. ऑस्ट्रेलियात गारी बेटावर परमिट काढावं लागतं आणि वाळूवरही स्पीड लिमिट असतं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या डेटोना भागात लोक शंभरहून जास्त वर्षं वाळूवर गाड्या चालवत आलेत. १९९५ मध्ये तिथे कासवांसाठी खटला झाला, आणि वादी म्हणून चक्क लॉगरहेड कासवाचं नाव होतं. आज तिथे रात्री गाड्या बंद, वेग ताशी १६ किलोमीटर आणि विणीचा पट्टा वेगळा आखलेला. म्हणजे जिथे गाडी आहे, तिथे जागा, वेळ आणि वेग ठरवलेले आहेत. ‘वाट दिसली म्हणून उतरलो’ ही पद्धत कुठेच नाही.

१४:३० साखळी लावायची का?

आमच्या त्या गावात सध्या हाच वाद चालू आहे: वाटेच्या तोंडाशी साखळी लावायची की नाही. आम्ही राहिलो त्या घरच्या वहिनी म्हणाल्या, “गाडी खाली जात नाही म्हटलं की लोक पुढच्या गावाला जातात. माझ्या चार खोल्या रिकाम्या.” त्यांचं कर्ज आहे, मुलीची फी आहे. मच्छीमार म्हणतात, साखळी लावली तर आमचा बर्फ, आमचे मासे डोक्यावर न्यायचे का? काका म्हणतात, मला साखळी हवी, पण किल्ली सोसायटीकडे द्या. कामाची गाडी जाईल, हौसेची नाही.

मला काकांचं पटलं. हक्क माणसांचा आहे, चाकांना परवानगी गरज बघून मिळावी.

आणि सायली? परतीच्या वाटेवर मी तिला सॉरी म्हणालो. ती म्हणाली, “गाडी पाण्यापर्यंत हवी होती का, हे मला विचारलं होतंस? मला सुरूच्या बनातून तीस मीटर घट्ट वाट हवी होती, आणि वाळूत एक हात. तुम्हाला रील हवी होती, नाव माझं घेतलंत.” मी गप्प बसलो. खरंच, ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी फळ्यांची वाट किंवा जाड चटई टाकता येते, रुंद चाकांची खुर्ची ठेवता येते. ते मागायला हवं. त्यांच्या नावावर आपली एसयूव्ही खाली न्यायची नाही.

१६:२० जाण्याआधी

पुढच्या ट्रिपसाठी चार गोष्टी. गाडी सुरूच्या बनाच्या अलीकडे, गावाने ठरवलेल्या जागी लावा आणि पार्किंगचे पैसे हसत द्या, त्यातून वहिनींसारख्यांचा मुद्दा थोडा तरी सुटतो. तिथी बघा, पाऊणने गुणा, आणि भरतीच्या आधीचे मधले दोन तास सावध राहा. नोव्हेंबर ते एप्रिल रात्री किनाऱ्यावर टॉर्च आणि हेडलाइट नकोत. आणि गाडी रुतलीच, तर ॲक्सिलरेटर सोडा, माणसं आधी बाहेर काढा, गावात फोन करा. इंजिनात पाणी गेलं असेल तर स्टार्टर मारू नका. अनेक पॉलिसींमध्ये वेगळं इंजिन कव्हर घेतलेलं नसेल तर तो खर्च तुमच्याच खिशातून जातो.

ओंकारने ती रील टाकली नाही. पण निघायच्या आधी आम्ही पाच जण खोरी घेऊन वरच्या चाकोऱ्या बुजवायला गेलो. काकांनी सांगितलं नव्हतं, सायलीने सांगितलं होतं. आठ मिनिटांच्या हौसेच्या चाकोऱ्या बुजवायला दीड तास लागला.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. एपिसोड त्या एका मित्राला पाठवा, ज्याच्याकडे नवीन फोर बाय फोर आलीये.