प्रबंध फसतो तो दुसऱ्या आणि शेवटच्या प्रकरणात

पीएच.डी. किंवा एम.एड.साठी सादर होणाऱ्या मराठी प्रबंधांची मांडणी बहुधा ठरलेली असते. पहिले प्रकरण प्रस्तावनेचे, दुसरे संबंधित साहित्याच्या आढाव्याचे, मग कार्यपद्धती, माहितीचे विश्लेषण आणि अखेरीस सारांश, निष्कर्ष व शिफारशी. विद्यार्थ्यांचा जीव अडकलेला असतो तो प्रश्नावल्या, तक्ते आणि सांख्यिकीत. दुसरे प्रकरण जमेल तसे भरले जाते आणि शेवटचे, प्रबंध सादर करण्याची मुदत तोंडावर आली की घाईने उरकले जाते. वस्तुतः संशोधनाचा प्रश्न कुठून आला हे दुसरे प्रकरण सांगते आणि त्याचे उत्तर कितपत मिळाले हे शेवटचे. ही दोन टोके जुळली नाहीत, तर मधली मेहनत कशासाठी होती हेच वाचणाऱ्याला कळत नाही.

‘साहित्य’ या शब्दाने सुरुवातीलाच थोडा घोटाळा होतो. येथे कथा-कवितांचा संबंध नाही. विषयावर आधी झालेले संशोधन एवढाच अर्थ अभिप्रेत आहे. समजा, विषय आहे सहावीच्या मुलांचे मराठी वाचन. नेहमीचा आढावा असा असतो : अमुक यांनी अमुक साली अमुक जिल्ह्यातील इतक्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, त्यांना असे आढळले. पुढचा परिच्छेद तमुक यांचा. तीस परिच्छेद, तीस नावे, आणि क्रम केवळ सालांचा. आगगाडीच्या वेळापत्रकात आणि यात फारसा फरक उरत नाही.

खरे काम त्यापुढचे आहे. काहींनी वाचनाचा वेग मोजला, काहींनी आकलन. वेग मोजणाऱ्यांचे निष्कर्ष आशादायक आणि आकलन मोजणाऱ्यांचे निराशाजनक असतील, तर फरक मुलांमध्ये आहे की मोजमापात? घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलांचा विचार या तिसांपैकी कोणी केला आहे का? असा प्रश्न जेथे उभा राहतो, तेथे आढावा संपतो. त्यासाठी एक साधा उपाय आहे. एका मोठ्या कागदावर प्रत्येक अभ्यासाची एक ओळ करावी आणि नमुना, साधन, निष्कर्ष, मर्यादा असे रकाने पाडावेत. हा तक्ता आडवा वाचला की यादी तयार होते. उभा वाचला की मतभेद आणि रिकाम्या जागा दिसू लागतात.

आढावा अपुरा राहिला तर काय होते, याचे विदारक उदाहरण अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २००१ साली घडले. दम्याविषयीच्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम हे औषध श्वासावाटे देण्यात आले. त्यातील २४ वर्षांच्या एका तरुणीच्या फुफ्फुसांना इजा झाली आणि जून २००१ मध्ये तिचा मृत्यू झाला. संशोधकाने पूर्वसंशोधन शोधले नव्हते असे नाही. पण त्याने वापरलेली संगणकीय सूची तेव्हा १९६६ पर्यंतच मागे जात होती आणि या औषधाच्या फुफ्फुसांवरील दुष्परिणामांच्या नोंदी होत्या १९५० च्या दशकातील नियतकालिकांत. आपल्याकडचे प्रबंध सहसा जीवावर बेतत नाहीत. मात्र ‘शोध घेतला’ म्हणताना कुठे, कोणत्या सालापर्यंत आणि कोणत्या भाषांत घेतला हे लिहिण्याची शिस्त त्यांनाही हवी.

आता सोय मोठी झाली आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ संग्रहात देशभरातील प्रबंध घरबसल्या वाचता येतात. अर्थात उचलेगिरीचीही सोय झाली. मूळ लेख न पाहता दुसऱ्याच्या आढाव्यातील परिच्छेद संदर्भांसह उतरवून घेणारे कमी नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड ठेवला नाही आणि साठ टक्क्यांहून अधिक साम्य असल्यास नोंदणी रद्द करण्याची तरतूद केली. त्यामुळे शब्द फिरवून टक्केवारी खाली आणण्याची कला वाढीस लागली. संगणक शब्द मोजतो. विद्यार्थ्याने मूळ लेख वाचला होता की नाही, हे त्याला कळत नाही.

त्याच विनियमांत स्वतःच्या मूळ कल्पनांवर आधारलेले असावेत आणि ज्यात साम्य असू नये, अशा भागांची नावे आहेत. गोषवारा, सारांश, परिकल्पना, निरीक्षणे, फलिते, निष्कर्ष आणि शिफारशी. निष्कर्ष त्यात आहेच. तरीही याच प्रकरणात बहुतेकांची लेखणी अडखळते आणि आधीच्या प्रकरणातील तक्त्यांची वाक्ये पुन्हा लिहिली जातात.

याला प्राचीन म्हणावी अशी परंपरा आहे. ब्रिटिश नौदलातील शल्यवैद्य जेम्स लिंड यांनी १७४७ साली स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या. संत्री-लिंबू मिळालेली जोडी झपाट्याने बरी झाली. १७५३ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. पूर्वीच्या लेखनाचा त्यातील आढावा विस्तृत होता. प्रयोगाने मात्र मोजकीच पाने व्यापली. रोगाचे कारण सांगताना लिंड दमट हवा आणि रोखलेला घाम यांच्याकडेच वळले आणि आटवलेला फळांचा रस त्यांनी सुचवला. आटवताना त्यातला गुणच बहुतांशी नाहीसा होत होता. नौदलाने लिंबाच्या रसाचे सर्वत्र वाटप मान्य केले ते १७९५ साली. विलंबाला इतरही कारणे होती, पण हाती आलेल्या पुराव्यातून निघणारी गोष्ट ठामपणे न सांगणे हे त्यातले एक.

आपल्याकडे चूक उलट्या दिशेनेही होते. दोन तालुक्यांतील १२० मुले तपासून ‘महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांमध्ये’ अशी सुरुवात होते. दोन गोष्टी एकत्र दिसल्या की एकीमुळे दुसरी घडली, असे गृहीत धरले जाते. परिकल्पना त्याज्य ठरली असेल तर ती एका ओळीत दडपली जाते. जणू विद्यार्थी नापास झाला! शिफारशींचे तर विचारूच नका. शासनाने निधी वाढवावा, शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे, पालकांनी लक्ष पुरवावे. संशोधन सुरू होण्यापूर्वीही जी शिफारस लिहिता आली असती, ती खोडलेली बरी.

लिहिण्याचा क्रम बदलून पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी उभे राहिलेले प्रश्न कोऱ्या कागदावर उतरवावेत आणि प्रत्येकाखाली आपल्या माहितीने दिलेले उत्तर, ते कोणत्या मुलांपुरते आणि किती खात्रीचे, हे दोन-तीन वाक्यांत लिहावे. शेवटच्या प्रकरणाचा कणा तेथेच तयार होतो. काही प्रश्नांखालची जागा रिकामी राहील. ‘पुढील संशोधनासाठी विषय’ या मथळ्याखाली सुचतील ती शीर्षके भरण्याऐवजी, हे रिकामे राहिलेले प्रश्न का सुटले नाहीत या कारणासह तेथे द्यावेत.