कुठला नंबर, कुठले साल?

डिझेल इंजिनाची नवी प्रतिकृती बाजारात आली की शौकिनांत वाद ठरलेलाच. एक जण कॅलिपर लावून बसतो आणि लांबी मिलिमीटरभर जास्त भरली म्हणून नाक मुरडतो. दुसऱ्याला रंगाची छटा पटत नाही. तिसरा पायऱ्यांच्या जाळीवर अडून बसतो. यांतला प्रत्येक आक्षेप आपापल्या जागी रास्त असू शकतो, पण त्यांची बेरीज-वजाबाकी करून प्रतिकृतीला गुण देता येत नाहीत. कारण हे सगळे ताडून पाहायचे कशाशी, हे कोणी आधी ठरवलेलेच नसते. ‘डब्ल्यूडीएम-२’ हे एका वर्गाचे नाव आहे आणि वर्ग रुळांवर धावत नाही. धावतात ती कॅबच्या बाजूला नंबर रंगवलेली इंजिने. ती एकमेकांसारखी नसतात, आणि एकच इंजिनही जन्मभर स्वतःसारखे राहत नाही. म्हणून तपशिलाच्या खरेपणाची परीक्षा दोन प्रश्नांनी सुरू व्हायला हवी: हे कुठल्या नंबरचे इंजिन, आणि कुठल्या सालातले? या प्रश्नांना उत्तर नसेल, तर प्रतिकृतीवरचा प्रत्येक खिळा बरोबर असूनही ती प्रतिकृती खोटी असू शकते.

उदाहरण डब्ल्यूडीएम-२ चेच घेऊ. भारतात डिझेल म्हटल्यावर दोन पिढ्यांच्या डोळ्यांसमोर येते ते हेच इंजिन. अमेरिकेतल्या स्केनेक्टडीच्या ॲल्को कंपनीने ‘डीएल५६०सी’ नावाने ते आखले. सोळा सिलिंडरचे टर्बोचार्जर लावलेले ‘२५१’ जातीचे इंजिन, २६०० अश्वशक्ती, सहा ॲक्सलवर सहा ट्रॅक्शन मोटारी. पहिली इंजिने १९६२ मध्ये अमेरिकेतून आली आणि जानेवारी १९६४ पासून वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधून बाहेर पडू लागली. हा कारखाना आता बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स म्हणून ओळखला जातो. नव्वदच्या दशकापर्यंत बांधणी चालू राहिली आणि एकूण संख्या अडीच हजारांच्या वर गेली. तीसेक वर्षे एकच यंत्र बांधले जाते, आणि ते कल्याण-पुण्यापासून देशभरच्या शेडांमध्ये उघडले, दुरुस्त केले, रंगवले जाते, तेव्हा कागदावरचे एक यंत्र प्रत्यक्षात शेकडो यंत्रे होते. एका लहानशा तुकडीचा आखूड हूड थेट पूर्ण रुंदीचा आणि समोरच्या काचा मोठ्या. रेल्वेप्रेमी त्यांना ‘जम्बो’ म्हणतात. काहींना डायनॅमिक ब्रेक होता, काहींना नव्हता. पुढे अनेकांची शक्ती ३१०० अश्वशक्तीपर्यंत वाढवली आणि ती डब्ल्यूडीएम-३ए म्हणून नव्याने नोंदली गेली. जुन्या नंबराचे इंजिन नव्या वर्गात गेलेले पाहिले, की निव्वळ वर्गाचे नाव किती कमी सांगते ते कळते.

समोरून, बफरच्या पातळीला डोळा नेऊन पाहा. दोन बाजूंना दोन बफर, मध्ये कपलर, खाली कॅटल गार्ड, आणि आजूबाजूला लोंबणारे होजपाइप. प्रतिकृतीत हे होज म्हणजे काळ्या रबराचे चार तुकडे, म्हणून बहुतेक परीक्षक त्यांच्याकडे पाहतही नाहीत. पण इंजिनाची जन्मपत्रिका तिथेच लिहिलेली असते. साठच्या दशकातल्या गाड्या व्हॅक्यूम ब्रेकवर चालत, तेव्हा तिथे जाडजूड व्हॅक्यूम होज हवा. पुढे एअर ब्रेक आला, तसे दोन्ही प्रकारचे डबे ओढू शकणारी ड्युअल ब्रेकची इंजिने झाली. त्यांच्यावर जाड होजही दिसतो आणि बारीकही. त्यानंतर केवळ एअर ब्रेकची. बारीक होज दोन असतील, तर एक ब्रेक पाइप आणि एक फीड पाइप. त्यांच्या कॉकना रेल्वेत अनुक्रमे हिरवा आणि पांढरा रंग देतात. आता समजा, एखाद्या उत्पादकाने अमेरिकेहून आलेल्या पहिल्या तुकडीतला नंबर छापला, व्हॅक्यूमचा होज गाळून हिरव्या-पांढऱ्या कॉकचे बारीक होज मोठ्या निगुतीने बसवले, वर दुहेरी दिव्यांचा नवा हेडलाइट आणि छतावर पिवळा फ्लॅशर लावला, आणि पेटीवर लिहिले ‘१९६२ सालचे इंजिन’. एकेक भाग सुटा घेतला तर सुरेख आणि अचूक. एकत्र आले की ते सगळे मिळून असे इंजिन दाखवतात, जे १९६२ मध्ये कोणी पाहिलेले असणे शक्य नाही. नंबर तेवढा १९६२ चा, बाकी देह पुढच्या दशकांतला.

अक्षरांचीही हीच गोष्ट. इंजिनावर रेल्वेचे नाव आणि शेडचे नाव रंगवलेले असते, आणि विभागांची फेररचना झाली की ते बदलते. दक्षिण पश्चिम रेल्वेचा कारभार २००३ मध्ये सुरू झाला, तेव्हा ते नाव मिरवणारे डब्ल्यूडीएम-२ त्याआधीचे असूच शकत नाही. हे कळायला ना कॅलिपर लागतो ना भिंग, एक साधे साल माहीत असले की पुरे.

यावर कोणी म्हणेल, की भारतात नोंदी विखुरलेल्या, शेडागणिक रिवाज निराळा, म्हणून हा नंबर-सालाचा आग्रह इथे मुद्दाम गुंतागुंत वाढवतो. मग जिथे नोंदी चोख आहेत, तिथले उदाहरण घेऊ. ब्रिटनची ‘डेल्टिक’ ही जगात सर्वाधिक प्रतिकृती निघालेल्या डिझेल इंजिनांपैकी एक असावी. प्रत्यक्षात १९६१-६२ मध्ये ती बांधली गेली अवघी २२. नेपियरची दोन इंजिने, मिळून ३३०० अश्वशक्ती, ताशी १०० मैल, आणि जानेवारी १९८२ च्या सुरुवातीला सगळी सेवेतून बाद. बावीस इंजिने, वीस वर्षे. यात गोंधळाला जागा ती किती? भरपूर आहे. सुरुवातीला त्यांचे नंबर ‘डी९०००’ पासून होते, १९७३-७४ च्या सुमारास ते ‘५५’ ने सुरू होऊ लागले. नाकावर चार अक्षरांची फिरती हेडकोडपट्टी होती. १९७६ च्या आरंभी ब्रिटिश रेल्वेने हेडकोड दाखवणे बंद केले आणि पुढे त्या पेट्या झाकून तिथे दोन पांढरे ठिपके उरले, त्याला शौकीन ‘डॉमिनो’ म्हणतात. १९७९ च्या सुमारास फिन्सबरी पार्क शेडने आपल्या इंजिनांच्या कॅबच्या खिडक्यांभोवती पांढरी कड रंगवली, ती इतर शेडांच्या इंजिनांना नव्हती. म्हणजे ‘५५’ चा नंबर आणि गाडीचा खरा हेडकोड हे दोन्ही ज्या प्रतिकृतीवर आहेत, तिला जेमतेम दोन-अडीच वर्षांची खिडकी मिळते. त्याच प्रतिकृतीला पांढरी कड दिली, की ती खिडकी मिटली. बावीस इंजिनांत ही गत, तर अडीच हजारांत काय होईल!

सगळ्यात वजनदार आक्षेप मोजमापवाल्यांचा आहे. ते म्हणतात, आधी आकार बरोबर हवा. हेडलाइट आणि होज ही नंतरची नक्षी. म्हणणे चुकीचे नाही. डब्ल्यूडीएम-२ बफर ते बफर सुमारे १७.१ मीटर लांब, म्हणजे एचओ प्रमाणात, १:८७ ला, साधारण १९७ मिलिमीटर. रुंदी सुमारे ३३ मिलिमीटर, उंची ४८. यात ढोबळ चूक झाली तर पुढची चर्चाच नको. विशेषतः बोगी पाहावी. ॲल्कोच्या ट्रायमाउंट बोगीत तीन ॲक्सलमधली दोन अंतरे सारखी नसतात, मोटारी बसवताना ती तशी ठेवावी लागली. दोन चाके जवळ आणि तिसरे जरा लांब हीच या इंजिनाची चाल. सरसकट मिळणारी समान अंतराची तयार चासी खाली सरकवली, की कितीही सुंदर हूड वर ठेवा, देह परका दिसतो. पण मोजमापाला स्वतःचीच मर्यादा आहे, आणि मोजमापवाले ती सहसा बोलून दाखवत नाहीत. खऱ्या इंजिनाच्या हँडरेलचा पाइप तीन-चार सेंटिमीटर जाडीचा. प्रमाणात तो ०.४ मिलिमीटरच्या आसपास यायला हवा. साच्यातून निघालेला प्लास्टिकचा हँडरेल पाऊण मिलिमीटरचा असला तरी नाजूक वाटतो, पण खऱ्या इंजिनावर तो साडेसहा सेंटिमीटरचा खांब झाला असता. हूडच्या दारांमधली फट ०.२ मिलिमीटरने कोरली, तर प्रत्यक्षात ती बोटभर रुंद ठरते. काही भाग प्रमाणात करताच येत नाहीत. केले तर हातात मोडतील. मोजमापात तडजोड अटळ आहे, म्हणून तीच एकमेव कसोटी करता येत नाही. चुकीच्या सालाचा हेडलाइट मात्र कुठल्याही तंत्राने अटळ होत नाही. तो फक्त चुकलेला असतो.

भारतीय इंजिनाच्या बाबतीत मोजमापवाल्यांची अडचण आणखी खोल आहे. एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा, म्हणजे १:८७ ला १४३५ मिलिमीटरचा, युरोप-अमेरिकेतला प्रमाणित गेज. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. प्रमाणात तो १९.२ मिलिमीटरहून थोडा जास्त हवा. तयार रुळांवर धावणारे प्रत्येक भारतीय मॉडेल म्हणून जन्मतःच पावणेतीन मिलिमीटरने अरुंद पायांवर उभे असते. समोरून पाहिले की चाके आत ओढल्यासारखी दिसतात, बोगीची चौकट आणि चाक यांच्यात पोकळी राहते. ब्रिटिश शौकिनांनाही हे दुखणे आहे. त्यांची इंजिने लहान, जुन्या काळच्या मोटारी त्यांत मावेनात, म्हणून वरचा देह १:७६ ने वाढवला आणि रूळ १६.५ चाच ठेवला. काहींना ते सोसवले नाही, त्यांनी १८.२ आणि मग १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतः टाकले. बाकीचे ही विसंगती पोटात घालून मजेत खेळतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण ही तडजोड सर्वांना ठाऊक आहे, उघड आहे, आणि प्रत्येक मॉडेलला सारखीच लागू आहे. मान्य केलेल्या चुकीने फसवणूक होत नाही.

अलीकडे उत्पादकांना एक हुकमी उत्तर मिळाले आहे: आम्ही खऱ्या इंजिनाचे लेझर स्कॅनिंग केले, आता वाद कसला? वाद इथेच आहे. स्कॅनर समोर जे उभे आहे ते मिलिमीटरपर्यंत टिपतो, पण समोर उभे असते ते शेवटच्या दिवसांतले इंजिन. चाळीस वर्षांचे बदल, नंतर बसवलेले दिवे, संग्रहालयात आल्यावर झालेली रंगरंगोटी, सगळे त्यात आले. त्यावर तरुणपणीचा नंबर आणि रंग चढवला, तर आजोबांना मुंजीचे कपडे घातल्यासारखे होते. मूळ कारखान्याचे नकाशेही अंतिम पुरावा नव्हेत. ते काय बांधायचे ठरले ते सांगतात, काय बांधले आणि पुढे शेडमध्ये काय बदलले ते सांगत नाहीत. खरा साक्षीदार एकच, तारीख आणि नंबर वाचता येईल असा त्या काळचा फोटो. तोही एका बाजूचा पुरत नाही, कारण इंजिनाच्या दोन बाजू सारख्या नसतात.

उत्पादकाची बाजूही ऐकायला हवी. पोलादी साचा महाग, आणि भारतीय मॉडेलांचे गिऱ्हाईक मूठभर. एका साच्यातून पाच-सहा नंबर काढले नाहीत तर धंदा बुडेल. हे मान्य करूनही दोन गोष्टी त्याच्या हातात राहतात. साच्याला अदलाबदल करता येतील असे सुटे भाग ठेवता येतात: दोन प्रकारचे हेडलाइट, दोन प्रकारचे होज, डायनॅमिक ब्रेकसह आणि त्याविना हूड. आणि तेही परवडत नसेल, तर त्या साच्याला शोभतील तेवढेच नंबर छापता येतात. दुसऱ्या उपायाला अभ्यासाखेरीज काहीही खर्च नाही. किंमत कमी ठेवण्यासाठी होज सरसकट गाळले, तर ते मॉडेल साधे म्हणावे, खोटे नव्हे. साधेपणा चालतो, घाईघाईने अंगावर चढवलेला चुकीचा दागिना चालत नाही.

उरला तो दुरून पाहणाऱ्यांचा मुद्दा: तीन फुटांवरून धावताना हे सगळे दिसते कुठे? दुरून डोंगर साजरे, हे खरेच. पुण्यात कोथरूडला जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. तिथे पोरे-थोरे जातात ती धावत्या गाड्या, बोगदे आणि सिग्नल पाहायला, होजचे रंग तपासायला नव्हे. अशा मांडणीत चाल, आवाज, प्रमाण आणि ठसा यांना महत्त्व आहे, आणि ते तसेच असावे. पण ज्याने पेटीवर विशिष्ट नंबर छापला आणि त्या नावाने जादा किंमत लावली, त्याने हा बचाव स्वतःच सोडून दिलेला असतो. ‘एक डिझेल इंजिन’ म्हणून विकले तर तीन फुटांवरून पाहू. नंबर देऊन विकले तर भिंग घेऊ. परीक्षकानेही हाच न्याय स्वतःला लावावा. ‘होज चुकले’ एवढे लिहून थांबू नये. कुठल्या फोटोत, कुठल्या तारखेला, कुठल्या बाजूने काय दिसते ते सांगावे. तेवढे सांगता येत नसेल, तर त्याचा आक्षेपही उत्पादकाच्या दाव्याइतकाच बिनपुराव्याचा.

हा पुरावा आता झपाट्याने कमी होतो आहे. विद्युतीकरणामुळे डिझेलचे काम आटले आहे आणि जुनी ॲल्को इंजिने भंगारात निघत आहेत. शेडमध्ये काम केलेल्यांच्या, लोको पायलटांच्या आणि स्टेशनावर कॅमेरा घेऊन उभे राहणाऱ्यांच्या घरी अजूनही जुने अल्बम असतील. ते उघडून प्रत्येक फोटोमागे इंजिनाचा नंबर, ठिकाण आणि महिना-साल पेन्सिलीने लिहून ठेवा.